फिलिप्सच्या मिनी कॅसेट वाजवायच्या आहेत. नागपुरात यंत्र दुरुस्त करणारं कोणी आहे का?

धंतोलीची_नात

आजोबा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात वकिली करायचे. रात्री ड्राफ्ट बोलून ठेवायचे आणि सकाळी स्टेनो ते ऐकून टाइप करायचे. घर आवरताना त्यांचा फिलिप्सचा खिशात मावणारा पॉकेट मेमो (बोललेलं टेप करायचं यंत्र) सापडला, सोबत बुटाच्या खोक्यात भरून छोट्या कॅसेट. बहुतेकांवर पक्षकारांची नावं आहेत, पण दोन कॅसेटवर आजोबांच्या अक्षरात 'माई – भुलाबाई' असं लिहिलंय. माई म्हणजे माझी पणजी. तिच्या भुलाबाईच्या गाण्यांचं घरात अजून कौतुक चालतं, पण आवाज आमच्या पिढीत कोणीच ऐकलेला नाही.

यंत्रात सेल तसेच राहून फुटलेत, स्प्रिंगांवर हिरवट-पांढरी पूड चढलीय. ती खरवडून नवे सेल टाकले तर मोटर नुसती घुंई करते, कॅसेटच्या चकत्या हलत नाहीत. बर्डीवर एका दुकानात दाखवलं, त्यांनी उघडूनही पाहिलं नाही. दुरुस्ती कोणाकडे करावी? होणार नसेल तर दुसरं कोणतं यंत्र घ्यावं? भाद्रपद पौर्णिमेला भुलाबाई बसायच्या आत झालं तर फार बरं.

फुकटचा_सल्ला

एवढी खटपट कशाला? मायक्रोकॅसेटचे जुने रेकॉर्डर ऑनलाइन ढिगाने मिळतात. एक घ्या, त्यात वाजवा, विषय संपला.

तार_आणि_टेप

वरचा सल्ला ऐकून पैसे घालवू नका. मिनी कॅसेट फिलिप्सची, 1967 सालची. मायक्रोकॅसेट ऑलिम्पसची, 1969 ची. दिसायला बहिणी-बहिणी, पण एकीच्या यंत्रात दुसरी चालत नाही. आधी कॅसेटवरचा छापील मजकूर बघा. फिलिप्सच्या 30 मिनिटांच्या मिनी कॅसेटवर बहुधा एलएफएच 0005 असा क्रमांक असतो.

मायक्रोकॅसेटमध्ये, आणि आपल्या नेहमीच्या मोठ्या कॅसेटमध्येही, टेप ओढायला एक बारीक फिरती दांडी असते, कॅपस्टन. रबरी चाक टेपला त्या दांडीवर दाबतं आणि टेप एकसारख्या वेगाने सरकते. मिनी कॅसेटमध्ये हे काहीच नाही. गुंडाळणारी चकतीच टेप ओढते. म्हणजे सुरुवातीला गुंडाळी लहान असताना टेप हळू सरकते आणि गुंडाळी वाढेल तशी जोरात. सरासरी वेग सेकंदाला 2.4 सेंटिमीटर. गाणं भरायला ही रचना कधीच नव्हती, पण मागेपुढे करत एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकायला उत्तम. म्हणून वकील, डॉक्टर आणि जुन्या आन्सरिंग मशीनवाल्यांनी ती उचलली.

तुमच्या यंत्राचा बहुतेक बेल्ट गेलाय. जुना रबर विरघळून डांबरासारखा होतो, मोटर फिरते पण पुढे काही पोचत नाही. दुरुस्त होण्यासारखं आहे. आणि आधीच सांगतो, रेकॉर्डच्या बटणाला आजच चिकटपट्टी लावून टाका. कोणीतरी 'बघू चालतं का' म्हणून ते दाबतं आणि माईचा आवाज जातो.

संत्रानगरीचा

ताई, बर्डीवर मोदी नंबरच्या गल्ल्यांत फिरून काही फायदा नाही. तिथले पोट्टे मोबाइलच्या स्क्रीन बदलून राहिले, टेपचं नाव काढलं की तोंडाकडे पाहतात. माझं ऐका, लग्नात साउंड लावणाऱ्या दोन-चार लोकांना विचारा, त्यांचे अँप्लिफायर कोण दुरुस्त करून देतं म्हणून. असा माणूस दुकानाची पाटी लावत नाही, घरी बसून काम करतो, अन् सोल्डरिंग त्याचंच धड असतं. बेल्ट बसवायचं काम मात्र त्याला नका देऊ. ते घड्याळवाल्याकडे न्या. काहून की एवढाले स्क्रू उघडायचा पेचकसच टीव्हीवाल्याजवळ नसतो, मग तो पक्कड लावते अन् सगळा सत्यानाश करते.

अन् ते यंत्र कारमध्ये ठेवून फिरू नका बाप्पा. मे महिना आहे.

रीळवाला

यंत्राच्या मागे लागायची गरज नाही. मिनी कॅसेटची टेप आणि साध्या कॅसेटची टेप, दोन्हींची रुंदी सारखीच, 3.81 मिलिमीटर. स्क्रूवाली रिकामी साधी कॅसेट घ्या, टेप तिच्यात भरा, चांगल्या डेकवर (मोठ्या कॅसेट प्लेअरवर) सेकंदाला 4.76 सेंटिमीटरच्या वेगाने वाजवा आणि संगणकावर वेग निम्मा करा. डेकचं हेड, म्हणजे टेपवरचा आवाज वाचणारा भाग, तुमच्या यंत्राच्या हेडपेक्षा कितीतरी चांगलं असतं.

तार_आणि_टेप

हेडचं बरोबर आहे, पण वेगाचं काय? माईंनी गायला सुरुवात केली तेव्हा टेप हळू चालली होती, शेवटी जोरात. ती एकसारख्या वेगाच्या डेकवर लावली की सुरुवातीचं गाणं चिरकं आणि घाईचं ऐकू येणार, शेवटाकडे आवाज उतरत जाणार. निम्मा वेग करून हा उतार जात नाही. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्लायडिंग स्ट्रेचने (वेग हळूहळू बदलत नेणाऱ्या सोयीने) तो काढता येतो, पण अंदाजाने. उलट मिनी कॅसेटच्याच यंत्रात टेपच्या त्या-त्या ठिकाणी गुंडाळी तेवढीच जाड असते, त्यामुळे रेकॉर्ड करताना असलेला वेग वाजवतानाही आपोआप जुळतो. एवढ्यासाठीच मी यंत्र दुरुस्त करा म्हणतोय. कॅसेटचं कवच फुटलं असेल किंवा टेप तुटली असेल तर तुमचा उपाय आहेच.

कोर्टाच्या_पायऱ्या

एक वेगळं सांगते, मी स्वतः वकील आहे. पक्षकारांची नावं असलेलं अख्खं खोकं कोणाच्या हवाली करू नका. खटले जुने असले तरी पक्षकार वकिलाजवळ बोललेलं गोपनीयच असतं. मिस्त्रीला फक्त यंत्र द्या, चाचणीसाठी एक कोरी कॅसेट द्या. भुलाबाईच्या कॅसेट घरीच ठेवा आणि शेवटी स्वतःच्या हाताने लावा. बाकीच्यांचं काय करायचं ते घरात बसून ठरवा, पण रद्दीवाल्याला तर मुळीच देऊ नका.

धंतोलीची_नात

कॅसेटवर 0005 च आहे. कोर्टवाल्या ताई, हे डोक्यातच आलं नव्हतं, खोकं कपाटात कुलूपबंद केलं.

माझ्या भावाने यंत्र उघडलं. बेल्ट खरंच डांबर झालाय, पुलीवर आणि सर्किटवरही पसरलाय. नेलपॉलिश रिमूव्हरने पुसू का? आणि बेल्टचं माप कसं घ्यायचं? आणखी एक, आजोबांच्या खोलीत उन्हाळाभर कूलर चालायचा. रेकॉर्डिंग त्या काळातलं असेल तर गाण्यामागे कूलरच ऐकू येईल का?

तार_आणि_टेप

रिमूव्हर अजिबात नको, त्यातल्या ॲसिटोनने प्लॅस्टिक विरघळतं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणा, कानकोरणीच्या कापसाने सावकाश पुसा, पुलीच्या खाचेत काळा कण राहू देऊ नका. हेडही त्यानेच पुसायचं. माप घ्यायला पुल्यांभोवती शिवणाचा दोरा बेल्टच्याच वाटेने फिरवा, लांबी मोजा आणि त्याहून पाच-सात टक्के कमी लांबीचा बेल्ट घ्या. जास्त ताणाचा बसवलात तर मोटर अडखळते. बटणाच्या आतले संपर्क काळे पडलेले असणार, तिथे कॉन्टॅक्ट क्लीनर मारून बटण बरेचदा मागेपुढे करा. आवाज खरखरतो तो बहुतेकदा यानेच.

कूलर ऐकू आला तर देवाचे आभार माना! आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे कूलरची मोटर आणि ट्यूबलाइटचा चोक 100 हर्ट्झवर गुणगुणतात. ऑडॅसिटीत स्पेक्ट्रम (कोणत्या हर्ट्झवर किती आवाज आहे याचा आलेख) काढा. ती गुणगुण 94 वर दिसली तर यंत्र सहा टक्के हळू चालतंय, ती 100 वर येईल एवढा वेग वाढवा, माईंचा सूर जागेवर येईल. वेग जुळेपर्यंत कूलरचा आवाज पुसून टाकायचा मोह आवरा.

इअरफोनच्या जॅकमधून वायर घ्या (जॅक अडीच मिलिमीटरचा असू शकतो, आधी बघा), लॅपटॉपच्या माइकच्या भोकात न घालता लाइन-इन असलेल्या छोट्या यूएसबी साउंड कार्डात घाला, आणि 48 किलोहर्ट्झ, 24 बिटची वेव्ह फाइल करा. एमपी 3 मागाहून नातेवाइकांसाठी.

संत्रानगरीचा

कूलरच्या खोलीतल्या कपाटात कॅसेट असतील तर आधी टेपकडे उजेडात पाहून घ्या. ओल धरून बुरशी लागते. पांढरे ठिपके दिसले तर यंत्रात टाकूच नका, नाहीतर हेडवर सगळा चिखल.

रीळवाला

भावाच्या हातून नाहीच जमलं तर फिलिप्सचं 720 बघा. टेबलावर ठेवायचं, पायाच्या पेडलवालं स्टेनोंचं यंत्र आहे, मिनी कॅसेटच लागते. जर्मनी-इंग्लंडातून जुनी मिळतात, तिकडची वीज आपल्यासारखीच असल्याने ट्रान्सफॉर्मर लागत नाही. 'चालू स्थितीत' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. विक्रेत्याकडून कॅसेट वाजताना आणि मागे गुंडाळतानाचा व्हिडिओ मागा. पेडल सोबत आहे का तेही विचारा, आणि कस्टम ड्युटी हिशेबात धरा.

धंतोलीची_नात

पुसून झालं, दोऱ्याचं माप घेतलं, बेल्टचा पुडा मागवलाय. भुलाबाईच्या दोन्ही कॅसेटवर ठिपके नाहीत. पहिल्यांदा कोरीच कॅसेट लावणार, तीही चिकटपट्टीसकट. 720 चा एक विक्रेता सापडलाय, पण त्याच्या फोटोत पेडल दिसत नाहीये. पेडलशिवाय ते नुसतं बटणाने चालतं का, कोणी वापरलंय?