कात्सुरांचं तिसरं सरकार: ५३ दिवस की ६२? आणि पाडलं कुणी?

सदाशिव_वाचक (पुणे)
नमस्कार. आमच्या अभ्यासमंडळात महायुद्धाआधीच्या जपानवर बोलायचंय. तारो कात्सुरांचं तिसरं सरकार एका ठिकाणी ५३ दिवसांचं दिलंय, दुसरीकडे ६२. शिवाय ते लष्कराने पाडलं असंही वाचलं. कात्सुरा तर स्वतःच सेनापती. मग लष्कराने आपलाच माणूस कसा पाडला?

पूर्वेचा_अभ्यासक
दोन सरकारांची सरमिसळ झालीय. लष्कराने पाडलं ते आधीचं, सायोंजींचं. लष्कराला कोरियासाठी दोन नव्या डिव्हिजन (सैन्याच्या मोठ्या तुकड्या) द्यायला त्यांनी नकार दिला. डिसेंबर १९१२ मध्ये युद्धमंत्री उएहारांनी पंतप्रधानांना वगळून थेट सम्राटाकडे राजीनामा दिला. १९०० च्या नियमानुसार हे पद सेवेतल्या जनरल किंवा लेफ्टनंट जनरललाच देता येई. लष्कराने दुसरा माणूसच दिला नाही आणि सरकार संपलं.

कात्सुरांना पाडलं ते संसदेने आणि रस्त्याने. ते तेव्हा राजवाड्यात पदावर होते, तिथून थेट पंतप्रधान झाले. हीच गोष्ट लोकांना खुपली. नौदलमंत्री सैतो राहायला तयार नव्हते, तर त्यांच्यासाठी शाही फर्मान काढलं. जानेवारीत संसद १५ दिवस स्थगित केली. ५ फेब्रुवारीला ती भरताच २३४ सदस्यांच्या सह्यांचा अविश्वास ठराव आला, तोही ३८१ च्या सभागृहात. विरोधी सदस्य ओझाकी युकिओंचं प्रसिद्ध भाषण त्याच दिवशीचं: सिंहासनाचा तट करून फर्मानांच्या गोळ्या झाडता, असा थेट आरोप. कात्सुरांनी पुन्हा स्थगिती घेतली. मग सम्राटाकडून सायोंजींना समेटाचा निरोप गेला, तरी त्यांचा सेइयुकाई पक्ष ठराव मागे घेईना. माझ्या मते सरकार खरं तिथेच संपलं. १० तारखेला जमावाने संसदेला वेढा घातला, पोलीस चौक्या आणि सरकारधार्जिण्या वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांवर हल्ले झाले.

तारीखवार
दोन्ही आकडे बरोबर आहेत. २१ डिसेंबर हा पहिला दिवस धरा. ११ फेब्रुवारीला राजीनामा, तिथवर ११+३१+११ = ५३. पुढचे पंतप्रधान यामामोतोंनी सूत्रं घेतली २० फेब्रुवारीला, तिथवर ६२. फळ्यावर ६२ लिहा आणि राजीनाम्याची तारीख वेगळी द्या. मात्र "जपानचं सर्वांत अल्पजीवी सरकार" म्हणू नका, १९४५ चं हिगाशिकुनींचं, पुढचं सरकार येईपर्यंत असंच मोजलं तर, ५४ दिवसांचं होतं.

पूर्वेचा_अभ्यासक
एक राहिलं. यामामोतोंनी १९१३ मध्येच सेवेत असण्याची अट काढली, म्हणजे राखीव दलातले अधिकारीही मंत्रिपदाला चालू लागले. १९३६ मध्ये हिरोता सरकारने ती परत आणली. जानेवारी १९३७ मध्ये जनरल उगाकींना सरकार बनवायला सांगितलं, तेव्हा लष्कराने युद्धमंत्री दिला नाही आणि त्यांचं मंत्रिमंडळ उभंच राहिलं नाही. वेळ असेल तर हा भाग नक्की घ्या.