तिसरीतली मुलगी शाळा सुटली तरी घरी जात नाही

खडूफळा

मी बीड जिल्ह्यात एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेवर आहे. आम्ही दोघंही पुरुष शिक्षक. दिवाळी झाली की वस्ती निम्मी रिकामी होते, कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवराबायको, साखर कारखान्यावर जातात. यंदा तिसरीतल्या एका मुलीला आईबापांनी आजीजवळ ठेवलंय. आजीला नीट दिसत नाही. ही मुलगी शाळा सुटली तरी व्हरांड्यात बसून राहते, मी कुलूप लावेपर्यंत हलत नाही. वर्गात पेंगते. 'घरी जा गं' म्हटलं तर म्हणाली, "आजी एकटीच असली तर जाते." आणखी कोण येतं विचारलं की गप्प. सहकारी म्हणतात, घरगुती मामला आहे, पडलात तर गाव अंगावर येईल. मला ते पटत नाही, पण सुरुवात कुठून करू तेही कळत नाही.

(संपादन: खालच्या सूचनेवरून तालुका आणि वस्तीचं नाव काढलंय.)

वस्तीशाळेच्या बाई

सर, सगळ्यात आधी तालुका आणि वस्तीचं नाव काढा. एवढ्या खुणांवरून लेकरू ओळखू येतं, आणि उद्या ही चर्चा गावातल्याच कुणाच्या तरी फोनवर दिसेल.

आता मुद्द्याचं. 'आजी एकटीच असली तर' हे वाक्य तिच्याच शब्दांत, तारीख घालून वहीत लिहून ठेवा. आपल्या भाषेत सुधारू नका. यापुढं खोदून विचारू नका. लहान मुलांना तेच तेच विचारलं की त्यांना वाटतं, आपलं उत्तर चुकलं, मग ती उत्तर बदलतात. ती आपण होऊन बोलली तर मान हलवत ऐका आणि 'सांगितलंस ते बरं केलंस' एवढंच म्हणा. 'कुणाला सांगणार नाही' असं वचन मात्र देऊ नका, कारण सांगावं लागणार आहे. त्या घरी जाऊन जाब विचारायचा तर विचारही नको. तुम्ही निघून आल्यावर रात्र तिलाच तिथं काढायची असते.

माझी सगळी नोकरी ऊसतोडीच्या गावांत गेली. पेंगणाऱ्या पोरीमागं दर वेळी एकच कारण नसतं. कुणी पहाटे हंडे भरते, कुणी धाकट्या भावाला रात्रभर मांडीवर घेऊन बसते, आणि पुष्कळ जणी नुसत्या भुकेल्या असतात. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला १०० ग्रॅम धान्य आणि ४५० उष्मांक धरलेले आहेत. ते एका वेळचं जेवण झालं. रात्री चूल पेटते का? रविवारी काय खाते? अंगणवाडीताईंना सोबत घेऊन दिवसाढवळ्या आजीला भेटा, विषय आजीच्या डोळ्यांचा काढा. चूल, पाणी, अंथरूण बघून या. मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे, की ती रात्री कुठं झोपते, दाराला आतून कडी आहे का आणि घरात कोण कोण येतं. ही माहिती ताईंना बायकांत बसून सहज मिळेल, तुम्हाला मिळणार नाही.

बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाला, त्यानंतर २१ ऑगस्ट २०२४ ला शाळांतल्या सुरक्षेचा शासन निर्णय आला. कॅमेरे, कर्मचाऱ्यांची चारित्र्य पडताळणी, तक्रारपेटी. हे हवंच, मी विरोधात नाही. पण या मुलीची भीती शाळेच्या फाटकाबाहेर आहे, तिथं कॅमेरा पोचत नाही. आणि तिसरीतलं पोर तक्रारपेटीत चिठ्ठी टाकत नसतं. ते व्हरांड्यात बसून राहतं. तुम्ही ते पाहिलंत, म्हणून लिहायला बसले.

तोवर ती बसते तर बसू द्या. एकटीला मात्र नको, तिच्यासाठी आणि तुमच्यासाठीही. चार मुलींचा वाचन गट करा, शाळा सुटल्यावर तासभर, उघड्या दारात. एखाद्या पालक आईला बसायला सांगा. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या बायका असाव्या लागतात, त्या अशा वेळी कामाला येऊ द्या. सह्यांपुरत्या नकोत.

कोयत्याचा पोरगा

सर, मीपण असाच आजीजवळ राहून शिकलो. आईबापाच्या बाजूनं एक सांगतो.

तिच्या आईला फोन कराच, पण 'लगेच या' म्हणू नका. नवराबायको मिळून एक कोयता धरतात, त्यावर उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते आणि ती पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, फेडायची असते. मधनंच निघाली तर टोळीचा मुकादम अडवतो, खाडा झाला की पैसे कापतो. त्या माउलीला यायचं असूनही येता येणार नाही आणि तिकडं ती रडत मोळ्या बांधील. दिवसा फडात फोन उचलणं होत नाही. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे झोपडीवर, परतल्यावर लावा, आणि आईशीच बोला. मुकादमाच्या फोनवर तर अजिबात नको, सगळ्या टोळीला ऐकू जातं.

तिला विचारा, पोरीला ठेवायला तुमच्या मनात दुसरं घर कुठलं? आईला ते बरोबर माहीत असतं. माझ्या बहिणीला मामाच्या गावी नेलं होतं, तिथल्या शाळेनं वर्षाच्या मधे घेतलं. आता तर शिक्षण हक्क कायदा आहे, दाखला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. स्थलांतर करणाऱ्या पोरांना शिक्षण हमी कार्डही मिळतं, तुम्हीच द्यायचं असतं ते.

चौकटीबाहेर

जिल्हा बाल संरक्षण कक्षात काम केलंय, म्हणून कायद्याचं थोडं.

पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे गुन्हा घडल्याचं कळलं तर कळवावं लागतंच, पण घडेल अशी धास्ती असली तरी कळवावं लागतं. पुरावा गोळा करणं हे शिक्षकाचं काम नाही. सद्भावनेनं कळवलं आणि काही निघालं नाही तरी तुमच्यावर ठपका येत नाही. घडल्याचं माहीत असून गप्प बसलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद आहे, हे सहकाऱ्यांना शांतपणे सांगा.

गावाला वाटतं, पोलिसांची गाडी येणार आणि पोरीला ठाण्यात नेणार. तसं नाही. जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं घेतात, शक्यतो महिला अधिकारी घेते, अंगावर गणवेश नसतो, विश्वासाचं माणूस शेजारी बसतं. गुन्ह्याचं काही समोर आलं नाही तरी १०९८ या मुलांच्या मदतवाहिनीवर फोन करा, चोवीस तास चालू असतो. प्रकरण बाल कल्याण समितीपुढं जातं. समिती पोरीला लगेच संस्थेत टाकते ही भीती मी हजारदा ऐकली. कायदा संस्थेला शेवटचा पर्याय मानतो, आधी कुटुंब आणि नातेवाईक पाहिले जातात.

१० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे तुमच्या शाळेतही मुलींच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती असायला हवी. शाळेत शिक्षिका नाही, म्हणून तर ती जास्तच हवी.

खडूफळा

सगळ्यांचे आभार. ताई आणि मी काल आजीकडं जाऊन आलो. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. दाराला कडी नाही. शेजारचा एक नातेवाईक रात्री दारू पिऊन येतो आणि तिथंच झोपतो, हे आजीनं ताईंना सांगितलं, मी बाहेर होतो. १०९८ वर फोन केला, सगळं वहीतल्या तारखांसकट सांगितलं. आईशी संध्याकाळी बोललो. ती मावशीचं घर म्हणाली, इथून दोन गावं पलीकडं. मावशी उद्या येतेय.

बाई, आणखी एक. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मागं राहिलेल्या मुलांसाठीच्या हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव यंदा आमच्याकडून गेलाच नाही. बाकीची वीसेक पोरं आजी-आजोबांकडंच आहेत. आता उशिरा दिला तर चालेल का?

वस्तीशाळेच्या बाई

द्याच. स्थलांतरित पालकांची यादी, मुलांची नावं, शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव जोडा आणि केंद्रप्रमुखांच्या हातात द्या, पोच घ्या. एक लक्षात ठेवा, नाव वसतिगृह असलं तरी बऱ्याच गावांत मुलं तिथं दोन वेळा जेवतात आणि झोपायला घरीच जातात. त्यामुळं जेवणाची सोय झाली म्हणून थांबू नका. वीसही घरी ताईंना घेऊन जा, प्रत्येकाची रात्र कुणाजवळ जाते ते यादीत नावापुढं लिहा. आणि आजीचं मोतीबिंदूचं नाव आशाताईंकडं आजच द्या, सरकारी दवाखान्यात ते ऑपरेशन फुकट होतं.