ग्रेनाडाची क्रांती: साडेचार वर्षांतलं काय टिकलं?

रानवाट
ग्रेनाडा म्हटलं की आपल्याला फार तर वेस्ट इंडिजचं क्रिकेट आठवतं. ३४४ चौरस किमीचा देश, मुंबईच्या निम्म्याहून थोडा मोठा, लोकवस्ती लाखभर, आणि झेंड्यावर जायफळ. तिथं १३ मार्च १९७९ ला पंतप्रधान एरिक गेरी परदेशी असताना न्यू ज्युएल मूव्हमेंट या डाव्या पक्षानं सत्ता घेतली आणि मॉरिस बिशप पंतप्रधान झाले. गेरीचं राज्य म्हणजे मंगूस गँग नावाची गुंडांची टोळी विरोधकांना झोडपायची, खुद्द बिशपचे वडील रुपर्ट जानेवारी १९७४ मधे मोर्चाच्या वेळी पोलिसांच्या गोळीनं गेले. आणि साडेचार वर्षांनी, १९ ऑक्टोबर १९८३ ला, बिशपना त्यांच्याच पक्षाच्या सैनिकांनी किल्ल्यातल्या भिंतीशी उभं करून मारलं, सहा दिवसांत अमेरिकन फौजा उतरल्या, खेळ खलास.

बहुतेक लोक इथेच थांबतात, "अयशस्वी प्रयोग" म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. १९८० चा पगारी प्रसूती रजेचा कायदा, माध्यमिक शाळेची फी बंद, मोठ्या माणसांना लिहा-वाचायला शिकवायची मोहीम, १९८३ ची राष्ट्रीय विमा योजना, हे सगळं त्या चार वर्षांतलं आहे. विमा योजना आजही चालू आहे, म्हातारपणी पेन्शन तिथूनच येतं. माझं म्हणणं एवढंच की जे कायद्यात उतरलं ते क्रांती मेल्यावरही टिकलं. तुम्हाला काय वाटतं?

कोरा कागद
सहमत नाही. प्रसूती रजा आणि विमा योजना यायला बंदूक लागत नाही, शेजारच्या बार्बाडोसमधे विमा योजना १९६७ पासून होती, तीही निवडणुका घेऊन आलेल्या सरकारची. बिशपनी आल्या आल्या राज्यघटना बाजूला ठेवली, निवडणूक घेऊ म्हणाले आणि शेवटपर्यंत एकही घेतली नाही. टॉर्चलाइट हे वर्तमानपत्र १९७९ लाच बंद पाडलं. रिचमंड हिलच्या तुरुंगात माणसं खटला न चालवता महिनोन्‌महिने, काही तर वर्षानुवर्षं बसून होती. लाखभर लोकांच्या देशात एकेक माणूस आत गेला की सगळ्या गावाला माहीत असतं हो, कोणाचा तरी शेजारी, कोणाचा तरी मास्तर. ती भीती कुठल्या कायद्यात लिहिलेली नसते, पण तोही वारसाच ना?

आणि बिशपना मारलं ते अमेरिकेनं नाही. सप्टेंबर १९८३ ला पक्षाच्या केंद्रीय समितीनं बंद दाराआड ठरवलं की बिशप आणि त्यांचे उपपंतप्रधान बर्नार्ड कोर्ड यांनी मिळून पक्ष चालवायचा, बिशप आधी हो म्हणाले मग मागे सरले, म्हणून घरात नजरकैद. ज्या पक्षानं जनतेला कधी मत विचारलं नाही त्याला स्वतःच्या नेत्याचा वाद मिटवायलाही दुसरा रस्ताच उरला नव्हता.

मिठागर
कोरा कागद, तुमचा शेवटचा मुद्दा मान्य. पण आजूबाजूचं चित्र सोडून चालणार नाही. पॉइंट सलाइन्सचा विमानतळच घ्या. जुनं पर्ल्सचं विमानतळ पार ईशान्येला, रात्री विमान उतरायची सोय नाही, तिथून राजधानी सेंट जॉर्जेसला यायचं तर डोंगरातला वळणावळणाचा रस्ता. पर्यटनावर जगू पाहणाऱ्या बेटाला मोठी धावपट्टी हवीच होती, क्यूबानं माणसं आणि यंत्रं दिली, प्लेसी नावाची ब्रिटिश कंपनी पण त्या कामावर होती. रेगननी सांगितलं की हा लष्करी तळ आहे. मग २५ ऑक्टोबरला आक्रमण, चुकून वेड्यांच्या हॉस्पिटलवर बॉम्ब पडला त्यात डझनभराहून जास्त रुग्ण मेले, युनोच्या आमसभेनं १०८ विरुद्ध ९ मतांनी निषेध केला. आणि गंमत नाही, खरंच सांगते, तोच विमानतळ पुढे अमेरिकेच्या पैशानं पुरा झाला आणि १९८४ ला सुरू झाला. म्हणजे गरज खरी होती हे त्यांनाही कळलंच.

कोरा कागद
विमानतळाचं मान्य. पण एक विसरताय, त्या सैनिकांचं स्वागत बहुतेक ग्रेनाडावासियांनी केलं, कारण बिशपना मारल्यावर सत्ता घेतलेल्या लष्करी मंडळानं चार दिवसांची संचारबंदी लावली होती, बाहेर दिसला की गोळी. २५ ऑक्टोबर तिथे थँक्सगिव्हिंग डे म्हणून सुट्टी असते. बाहेरून बसून आपण निषेध करणं सोपं आहे, ज्यांच्या दाराबाहेर बंदूकधारी सैनिक होते त्यांना विचारा.

सांजदिवा
मी राजकारणातली जाणकार नाही, पण माझ्या बहिणीची मुलगी तिकडे मेडिकलला आहे म्हणून लिहिते. ती किल्ल्यावर जाऊन आली, फोर्ट जॉर्ज. क्रांतीच्या काळात त्याला बिशपच्या वडिलांचं नाव होतं, फोर्ट रुपर्ट. आतल्या चौकात बास्केटबॉलचा खांब आहे, आणि त्याच चौकातल्या भिंतीवर पाटी, बिशप आणि त्यांच्याबरोबर मारलेल्यांची नावं, त्यात शिक्षणमंत्री राहिलेल्या जॅकलीन क्रेफ्ट पण. ती म्हणाली मावशी, मी नावं वाचली आणि मागे वळले तर समोर तो बास्केटबॉलचा खांब, मला तिथे उभंच राहवेना. पर्ल्सला पण गेली होती, तिथे त्या काळातली दोन रशियन बनावटीची विमानं अजून गवतात पडून आहेत, गंजलेली, भोवती शेळ्या चरतात. कोणी हलवत नाही आणि कोणी जपतही नाही.

रानवाट
सांजदिवा ताई, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. कोरा कागद, तुरुंगाचं मी मूळ पोस्टमधे लिहायला हवं होतं, ते टाळलं ही माझी चूक, मान्य.

पण त्याच तुरुंगावरून एक सांगतो. टिलमन थॉमस नावाचे वकील, १९८१ ला ग्रेनेडियन व्हॉईस नावाचा छोटासा पेपर काढणाऱ्या २६ जणांपैकी एक, त्यासाठी बिशपच्या सरकारनं त्यांना आत टाकलं, दोनेक वर्षं रिचमंड हिलमधे काढली, सुटले ते आक्रमणानंतरच. हेच थॉमस २००८ ला पंतप्रधान झाले आणि मे २००९ मधे त्यांच्याच सरकारनं पॉइंट सलाइन्सला मॉरिस बिशप आंतरराष्ट्रीय विमानतळ असं नाव दिलं. ज्यानं कोंडलं त्याचं नाव, आणि देणारा कोंडलेला माणूस! त्याच वर्षी सप्टेंबरात, बिशपच्या खुनासाठी शिक्षा झालेले कोर्डही सुटले, २६ वर्षांनी. मला हे वाचून बराच वेळ काही सुचलं नव्हतं. थॉमसनी तुरुंग माफ केला की नाही मला ठाऊक नाही, पण धावपट्टी कोणाची ते त्यांनी लपवलं नाही.

कोरा कागद
हे मला माहीत नव्हतं. थॉमसबद्दल आदर वाटला. तरी माझं मत तेच, मोठेपणा थॉमसचा आहे, बिशपच्या राजवटीचा नाही. त्यांनी नाव दिलं म्हणून तुरुंगातली दोन वर्षं परत येत नाहीत.

मिठागर
नाहीत येत, खरंय. आणि दुसऱ्या बाजूचंही काही परत आलेलं नाही. बिशप आणि इतरांचे मृतदेह कॅलिव्हिनीच्या लष्करी तळावर नेऊन जाळले, अमेरिकन सैनिकांनी तिथून अवशेष काढले, तपासले, आणि पुढे ते कुठे गेले कोणालाच सांगता येत नाही. २०२३ पासून १९ ऑक्टोबरला ग्रेनाडात राष्ट्रीय वीर दिनाची सुट्टी असते. घरच्यांकडे फुलं ठेवायला कबर नाही, ते किल्ल्यावर त्या पाटीपाशीच जातात.