नवरा अग्निशमन दलात आहे, डॉक्टरकडे यायला तयार नाही. मदत हवी आहे

ओळखीचे बरेच जण इथे आहेत, म्हणून वेगळ्या आयडीने लिहितेय. नवरा एका महापालिकेत फायरमन आहे. आग, झाड पडणं, लिफ्टमध्ये अडकलेली माणसं, नाल्यात वाहून गेलेलं पोर, सगळ्या वर्द्या (मदतीचे कॉल) यांच्याकडेच. पूर्वी घरी आला की रंगवून सांगायचा. गेल्या पावसाळ्यात इमारत कोसळली, तेव्हा रात्रभर ढिगाऱ्यावर होता. एक लहान मुलगी त्यानेच बाहेर काढली, पण ती गेलेली होती. आमची लेक तेवढीच आहे. हे मला त्याच्या सहकाऱ्याच्या बायकोकडून कळलं, तो आजवर एक अक्षर बोललेला नाही.

रात्री उठून हॉलमध्ये दिवा लावून बसतो. परवा काचऱ्या जरा करपल्या, तर ताट सरकवून गॅलरीत गेला तो जेवण निवेपर्यंत आत आला नाही. लेक झोपली की तिच्या नाकापुढे बोट धरून श्वास बघतो. पिणंही वाढलंय. रविवारी पासबुक, विम्याचे कागद, पीएफचं नॉमिनेशन सगळं काढून मला नीट समजावलं आणि म्हणाला, "माझ्यावाचून तुमचं काही अडायचं नाही." तेव्हापासून माझ्या पोटात गोळा आलाय.

डॉक्टरचं नाव काढलं की एकच उत्तर: "स्टेशनवर कळलं तर वेडा म्हणून टेबलावर बसवतील." दरवर्षी १४ एप्रिलला, १९४४ च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात गेलेल्या जवानांना मानवंदना देतात, भाषणं होतात. जिवंत असलेल्यांची झोप कोण विचारतं?

उपचार घेतले तर ऑफिसला कळतं का? नोकरीवर येतं का? आणि त्याच्याशी बोलू तरी कसं?

प्रतिसाद १

ताई, मी सरकारी रुग्णालयात मानसोपचार विभागात आहे. कागद समजावून देणं आणि ते वाक्य, दोन्ही हलक्यात घेऊ नका. आजच, लेक झोपल्यावर, सरळ विचारा: "जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्याने डोक्यात नसलेलं काही शिरत नाही, उलट बरेचदा माणूस सुटल्यासारखा बोलायला लागतो. मध्ये उपदेश नको आणि "लेकीचा तरी विचार कर" हे तर नकोच. तो तेच करून थकलाय.

हो म्हणाला आणि कसं, कधी हेही ठरवलेलं दिसलं, तर एकटं सोडू नका. दिराला, भावाला बोलवा आणि थेट मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत न्या. गाडी नसेल तर १०८ किंवा ११२. तोवर घरातली औषधं आणि धोक्याच्या वस्तू हाताशी ठेवू नका, दारूही घराबाहेर काढा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो नाही म्हणाला तरी तुम्ही स्वतः फोन करा.

तुम्ही लिहिलंय ते आघातानंतरच्या ताणाच्या आजारासारखं वाटतं, पण निदान तपासूनच होईल. यावर समुपदेशनाच्या ठरलेल्या पद्धती आहेत, गरजेप्रमाणे गोळ्याही. तो गाडी चालवतो का, शिडीवर चढतो का, हे डॉक्टरांना आधी सांगा, गोळी आणि वेळ त्यावर ठरते. केमिस्टकडून परस्पर झोपेची गोळी अजिबात नको, त्यात दारू असताना तर नाहीच.

प्रतिसाद २

वहिनी, मी पोलीस खात्यातून निवृत्त झालो. आमच्याकडेही हेच. पोस्टमॉर्टमला उभा राहून जेवायला बसणारा तो मर्द, असं शिकवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णाची माहिती गुप्त ठेवायचं बंधन आहे. डॉक्टर आपणहून ऑफिसला कळवत फिरत नाही. नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं तरी सरकारी आस्थापनेला त्या कारणाने काढता येत नाही, हुद्दाही खाली आणता येत नाही, हे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. यांची गोष्ट तिथवर जायचीही नाही. मात्र मेडिकल रजा टाकली तर सर्टिफिकेट लागतं, त्यावर काय लिहायचं ते डॉक्टरांशी आधी बोलून घ्या. स्टेशनवरचा एखादा जुना, भरवशाचा माणूस बरोबर घ्या. बायकोचं ऐकत नाहीत, ढिगाऱ्यावर शेजारी उभा होता त्याचं ऐकतात.

धागाकर्ती

दोघांचे आभार. काल विचारलं. बराच वेळ गप्प होता, मग "येतात, पण काही ठरवलेलं नाही" म्हणाला. १४४१६ ला मीच फोन लावला, नंतर तोही थोडा बोलला. दीर राहायला आलेत. आमच्या शहरातला डॉक्टर नको म्हणतोय, त्याच्या मित्राने बाहेरगावी न्यायची तयारी दाखवलीय. पनवेल-नवी मुंबईकडे या आठवड्यातच वेळ देतील असे मानसोपचारतज्ज्ञ कुणाला माहीत असतील, तर कृपया व्यनि (खासगी निरोप) करा.