जोश हवाच, पण चेंडू कुठे आहे ते पाहून

हौशी टेनिस सामन्यात ओरडाआरडा करावा का, यावर दोन मतं ऐकू येतात: तो नकोच, आणि त्याशिवाय मजाच नाही. माझ्या मते प्रश्न आवाजाचा नाही, वेळेचा आहे. गुण संपल्यावर स्वतःच्या चांगल्या फटक्यावर 'कमॉन' म्हणा, मूठ आवळा. समोरच्याच्या डबल फॉल्टवर (दोन्ही सर्व्हिस चुकून गुण गेल्यावर) मात्र गप्प राहा. डबल्समध्ये चेंडू आपल्याकडे येत असताना 'माझा', 'तुझा', 'सोड' चालतं. तोच आपल्या रॅकेटवरून सुटून पलीकडे निघाला की तोंड बंद. तेव्हा बोलल्याने समोरच्याला अडथळा झाला, तर गुण जाऊ शकतो.

खरी भांडणं लाइन कॉलवर, म्हणजे चेंडू रेषेच्या आत की बाहेर या निर्णयावर होतात. पंच नसताना आपल्या बाजूचा कॉल आपण द्यायचा, लगेच आणि मोठ्याने. रेषेला निसटता स्पर्श झाला तरी चेंडू आत. शंका असेल तरी आत. दिसलं नाही म्हणून 'परत खेळू' म्हणणं समोरच्यावर अन्याय आहे. जोडीदारांत एक 'आत' आणि एक 'बाहेर' म्हणाला, तरी आतच. सर्व्हरने प्रत्येक गुणाआधी स्कोअर मोठ्याने सांगावा, निम्मे वाद तिथेच मिटतात.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40च्या वर जातो, तेव्हाची चिडचिड बऱ्याचदा उन्हाची असते. नांदेड-परभणीकडे सकाळी आठच्या आत सामना उरका. दोन गुणांमध्ये 25 सेकंद, बाजू बदलताना 90 सेकंद मिळतात (सेटच्या पहिल्या गेमनंतर मात्र न बसता बदलायची). ते पुरेपूर वापरा, सावलीत बसून मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी घोट घोट प्या.