मदत हवी आहे: प्लांट विकला गेला, एचआरने दिलेल्या राजीनाम्यावर सही करू का? (नाशिक, फार्मा)

पाथर्डी_फाटा:
नमस्कार मंडळी. मी अंबड एमआयडीसीत एका फार्मा कंपनीत क्यूएला (म्हणजे दर्जा बघणाऱ्या विभागात) आहे, टॅब्लेटचा प्लांट, 11 वर्षं झाली. नाव टाकत नाही आणि प्लीज कोणी अंदाजही बांधू नका. आमचा प्लांट आणि सोबत काही ब्रँड दुसऱ्या मोठ्या कंपनीने घेतलेत. आधी बरेच महिने "स्ट्रॅटेजिक पार्टनरशिप" चालू होती म्हणजे त्यांचे प्रॉडक्ट आमच्याकडे बनायचे, त्यांची माणसं ऑडिटला यायची, पण नुसतं बॅच बनवून घ्यायला आलेला माणूस बॉयलरचं वय आणि कँटीनचा ठेका कशाला विचारेल, तेव्हाच आम्ही समजलो की हा मुलगी बघायचा कार्यक्रम आहे.

आता दोन कागद दिलेत. एक राजीनामा, टाईप करून तयार, त्यात "वैयक्तिक कारणास्तव" असं छापलेलं, खाली फक्त सही करायची. दुसरं नव्या कंपनीचं अपॉइंटमेंट लेटर, पगार तोच पण जॉइनिंग डेट नवीन, सहा महिने प्रोबेशन, जुन्या सर्व्हिसबद्दल एक ओळ नाही. एचआर म्हणतात मॅडम फॉर्मॅलिटी आहे, सगळं कंटिन्यूच आहे, पाहिजे तर ग्रॅच्युइटी आत्ताच घेऊन टाका. निम्मे लोक खूश आहेत, एकरकमी पैसे मिळणार म्हणून. माझी बेसिक 22,000 आहे. सही करू का? आणि पीएफचं काय करायचं?

गंगापूर_रोड:
ताई करून टाका सही. मोठी कंपनी आहे, नाव आहे. आजकाल नोकरी टिकतेय हेच खूप.

सिडकोकर:
वरच्या भाऊंचं ऐकू नका. आधी डील कशी झाली ते बघा, सगळं त्यावर आहे. निरमाने 2023 मध्ये करार करून ग्लेनमार्क लाइफ सायन्सेसचे 75 टक्के शेअर घेतले, साधारण 5,651 कोटींना, पुढे तिचं नाव अलिव्हस झालं. तिथे मालक बदलला पण कंपनी तीच राहिली, त्यामुळे नोकरी तिथल्या तिथे, राजीनाम्याचा विषयच येत नाही. सन-रॅनबॅक्सी 2014 ला जाहीर झालं आणि 2015 ला पूर्ण झालं, ते मर्जर होतं, अख्खी कंपनीच आत घेतली. पण अ‍ॅबटने 2010 ला पिरामलचा भारतातला ब्रँडेड औषधांचा धंदा 3.72 अब्ज डॉलरला घेतला तेव्हा कंपनी नाही, धंदा विकला गेला होता. पिरामल कंपनी मागे राहिली. तुमचं वर्णन त्या प्रकारचं वाटतंय, याला स्लम्प सेल म्हणतात, म्हणजे चालता धंदा एकगठ्ठा विकणं. यात तुमचा मालक खरोखर बदलतो म्हणूनच तुमची संमती लागते, आणि म्हणूनच एचआरला तुमची सही हवीये.

लाल_शाई:
पस्तीस वर्षं लेबर मॅटर बघतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. नव्या कंपनीत जायला हरकत नाही, पण राजीनामा वेगळा आणि ट्रान्सफर वेगळी. जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात 25 एफएफ कलम होतं आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही तशी तरतूद आहे. धंदा दुसऱ्याकडे गेला तर एकतर सर्व्हिस अखंड धरा, अटी आधीपेक्षा वाईट नकोत, आणि उद्या नव्या मालकाने कमी केलं तर त्याने जुनी वर्षं मोजून भरपाई द्यायची. हे मान्य नसेल तर जुन्या मालकाने कपातीसारखी भरपाई द्यायची, ती ग्रॅच्युइटीच्या वर. आता "वैयक्तिक कारणास्तव" राजीनामा लिहून दिला की दोन्हीवरचा तुमचा दावा लंगडा पडतो, कारण कागदावर तुम्हीच निघून गेलात. हे छापणाऱ्याला बरोबर माहीत असतं.

ग्रॅच्युइटीचं गणित पण बघा. ढोबळमानाने शेवटची बेसिक-डीए गुणिले 15 भागिले 26 गुणिले वर्षं. आज घेतली तर साधारण 1 लाख 40 हजार. समजा अजून 10 वर्षं केलीत आणि बेसिक 44,000 झाली, तर अखंड 21 वर्षांचे होतात सुमारे 5 लाख 33 हजार. तुकडे केले तर आजचे आणि तेव्हाचे मिळून 3 लाख 93 हजार. जुनी 11 वर्षं जुन्या पगारावर गोठतात ना. शिवाय नवीन मीटर सुरू झाल्यावर पाच वर्षांच्या आत सोडलंत तर त्या काळाचं काहीच नाही.

पाथर्डी_फाटा:
बापरे, हे तर कोणीच सांगितलं नव्हतं. पण दादा माझं डेझिग्नेशन सीनियर ऑफिसर आहे, एचआर म्हणाले ऑफिसरला लेबर कायदा लागत नाही.

लाल_शाई:
पाटीवर काय लिहिलंय ते कोर्ट बघत नाही, दिवसभर काय करता ते बघतं. बॅच रेकॉर्ड तपासणं, लाइन क्लिअरन्स देणं (आधीच्या बॅचचं काही उरलं नाही ना ते बघून पुढची सुरू करू देणं), सॅम्पल काढणं हे तांत्रिक काम. हाताखालच्यांची रजा मंजूर करता, अप्रेझल लिहिता, असं असेल तर मात्र अवघड. ग्रॅच्युइटीला तर हा प्रश्नच नाही, ती मॅनेजरलाही लागते.

पाथर्डी_फाटा:
नाही हो, रजा मंजूर करायला माझीच रजा कोण मंजूर करतंय. लाइन क्लिअरन्स आणि बॅच रेकॉर्ड, एवढंच.

सिडकोकर:
मग झालं तर. एक गोष्ट अजून, त्यांनाही घाई आहे हे लक्षात ठेवा. कंपनी बदलली की एफडीएचं (औषध प्रशासनाचं) मॅन्युफॅक्चरिंग लायसन्स नव्या नावाने घ्यावं लागतं, जुनं जास्तीत जास्त तीन महिने चालतं. कार्टन, फॉइल, लेबल सगळ्यावर उत्पादकाचं नाव बदलणार, त्याचे चेंज कंट्रोल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद आणि मंजुरी, कोण करणार? तुम्हीच. अनुभवी क्यूए आत्ता गेलेला त्यांना परवडत नाही, त्यामुळे चार जण मिळून बोला, एकट्याने केबिनमध्ये जाऊ नका.

लाल_शाई:
बरोबर. तोंडी नको, मेल करा. राजीनाम्याऐवजी तीन पक्षांचं ट्रान्सफर लेटर मागा, जुनी कंपनी, नवी कंपनी, तुम्ही. त्यात मूळ जॉइनिंग डेट, अखंड सर्व्हिस, ग्रॅच्युइटीची जबाबदारी नव्या कंपनीची, साठलेली रजा पुढे, आणि प्रोबेशन नाही, एवढं स्पष्ट पाहिजे. पीएफ काढू नका, यूएएन (पीएफचा तुमचा कायमचा नंबर) तोच ठेवून ट्रान्सफर करा. 11 वर्षं झालीत म्हणजे पेन्शनला लागणारी 10 वर्षांची अट तुम्ही ओलांडलीये, पीएफचे पैसे उचलायचा मोह नको. तारीख जवळ असेल तर सही करायच्या आधी कागद घेऊन एखाद्या लेबर वकिलाला दाखवा.

पाथर्डी_फाटा:
खूप आभार दोघांचे. पॅकिंगमधल्या दोघी आणि क्यूसीचा (तपासणी लॅबचा) एक जण तयार आहेत, उद्या एकत्रच मेल टाकतोय. एकच शंका, एका मुलाने काल सही करून दिलीये पण अजून रिलीव्हिंग लेटर मिळालं नाही, त्याला काही करता येईल का?

लाल_शाई:
राजीनामा स्वीकारल्याचं कळवलं नसेल तर आजच लेखी मागे घ्यायला सांगा. मेलवर, तारीख-वेळ दिसेल असं. उद्यावर टाकू नका.