एंडोमेट्रिओसिस: प्रतिकारशक्ती खरोखर 'कमी' असते का?

प्रश्न (शुभ्रा)
दोन वर्षांपूर्वी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत मला एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर रुजणे) असल्याचे निदान झाले. पाळीचे रक्त उलट दिशेने पोटात गेल्यामुळे हा आजार होतो, असे मी वाचले होते. आता मात्र परिचयातील एक बाई 'तुझी प्रतिकारशक्ती कमी आहे' असे सांगून ती वाढवणारी चूर्णे घेण्याचा आग्रह करीत आहेत. मला साधी सर्दीही क्वचितच होते. मग प्रतिकारशक्ती कमी कशी? आणि हा आजार ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारसंस्था स्वतःच्याच शरीरावर हल्ला करते असा, समजावा काय?

उत्तर (मैत्रेयी)
उलट वाहणाऱ्या रक्ताचा सिद्धांत जॉन सॅम्पसन या अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञांनी १९२७ साली मांडला. परंतु पाळीचे थोडे रक्त बीजवाहक नलिकांतून उदरपोकळीत जाणे बहुसंख्य स्त्रियांमध्ये घडते, आणि आजार होतो तो दहापैकी साधारण एकीला. प्रतिकारसंस्थेचा विचार या तफावतीमुळेच पुढे आला.

एरवी उदरपोकळीत पोचलेल्या गर्भाशयाच्या अस्तराच्या पेशी मॅक्रोफेज नावाच्या भक्षक पेशी गिळून टाकतात आणि नॅचरल किलर पेशी मारून टाकतात. या आजारात किलर पेशींची मारकक्षमता घटलेली आढळते. मॅक्रोफेज मात्र कमी नसतात, उलट पोटातील द्रवात त्यांची संख्या वाढलेली असते. पण सफाई करण्याऐवजी त्या दाह वाढवणारी रसायने आणि नव्या रक्तवाहिन्यांना चालना देणारे घटक स्रवतात, त्यामुळे चुकीच्या जागी रुजलेल्या ऊतीला जणू खतपाणीच मिळते. याच दाहात तयार होणारे प्रोस्टाग्लँडिन हे वेदना वाढवणारे रसायन त्या ऊतीला स्वतःच इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन बनवायला प्रवृत्त करते आणि ते इस्ट्रोजेन पुन्हा प्रोस्टाग्लँडिन वाढवते. वेदनेचे एक मोठे कारण या चक्रात आहे.

तेव्हा 'कमी' हा शब्दच मला चुकीचा वाटतो. पहारेकरी जागेवर आहेत, संख्येनेही भरपूर आहेत, पण चोरालाच घर बांधून देत आहेत. अशा वेळी पहारेकरी वाढवून काय साधणार? (चूर्ण विकणाऱ्यांना हा प्रश्न सहसा आवडत नाही.)

उत्तर (निरंजन)
ऑटोइम्यून या वर्गात हा आजार सध्या धरला जात नाही. काही रुग्णांच्या रक्तात स्वतःच्याच ऊतींविरुद्धची प्रतिपिंडे सापडतात आणि ल्यूपस किंवा संधिवाताभ (सांध्यांचा दाह) या ऑटोइम्यून आजारांशी सांख्यिकीय संबंधही दिसून आला आहे. तथापि थायरॉईडच्या हाशिमोटो आजारात जशी प्रतिकारसंस्था ग्रंथीच नष्ट करीत जाते, तसे येथे घडत नाही. येथे तर ऊती नको तिथे टिकून राहते, हीच तक्रार आहे.

शुभ्रा
मग संधिवाताभात देतात तशी प्रतिकारसंस्था दाबणारी औषधे येथे का देत नाहीत?

उत्तर (मैत्रेयी)
तसा प्रयत्न झाला आहे. टीएनएफ हा दाहकारक घटक रोखणारे इन्फ्लिक्सिमॅब हे औषध एका छोट्या चाचणीत खोलवर पसरलेल्या एंडोमेट्रिओसिससाठी वापरून पाहिले, पण वेदना कमी करण्यात ते निष्क्रिय औषधाहून सरस ठरले नाही. दाहात अनेक रसायनांचा हात असल्याने एकाच घटकाला अडवून भागत नसावे, असा माझा अंदाज आहे. सध्याचे उपचार त्या चक्रावरच दुसऱ्या बाजूने घाव घालतात: प्रोजेस्टोजेन या हार्मोनच्या गोळ्या इस्ट्रोजेनचा प्रभाव कमी करतात, तर आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखतात. चूर्ण सुरू करायचेच असेल, तर त्यातील घटकांची यादी आधी आपल्या डॉक्टरांना दाखवावी, कारण काही वनस्पती हार्मोनच्या गोळ्यांचा परिणाम घटवतात.